वरचे, खालचे आणि मधला स्लॅब

बहुमजली इमारतीत राहणाऱ्या माणसाने शेजारच्या आवाजाविषयी केलेल्या तक्रारीत दोन विधाने एकत्र गुंफलेली असतात: आवाज झाला हे एक, आणि तो अमुक घरातून आला हे दुसरे. पहिले विधान कानाने दिलेले असते व ते बहुधा खरे असते. दुसरे मात्र ऐकलेल्या आवाजाला मनाने जोडलेला पत्ता असतो, आणि तो पत्ता चुकला असेल अशी शंका तक्रारदाराला सहसा शिवतही नाही. म्हणून चुकीची तक्रार आणि खोटी तक्रार यांत भेद करावा लागतो. खोट्या तक्रारीत आवाज झालेलाच नसतो किंवा तक्रारीमागे निराळाच हेतू असतो. चुकीच्या तक्रारीत झोपमोड खरी असते, त्रास खरा असतो, संतापही खरा असतो, फक्त ज्याच्या दारावर थाप पडते तो माणूस त्या वेळी स्वतः झोपलेला असतो किंवा गावी गेलेला असतो. मुंबईतील घरांच्या गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांच्या इतिहासाकडे या एका अंगाने पाहिले, तर असे दिसते की आवाज या शहराच्या घरांत कधीच कमी नव्हता. आवाजाचा पत्ता चुकणे ही गोष्ट मात्र घरांच्या बांधणीतून आलेली आहे, आणि जसजशी दारे बंद होत गेली व जमिनी काँक्रीटच्या होत गेल्या तसतशी ती वाढत गेली आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरगाव, ठाकूरद्वार, भुलेश्वर या भागांत उभ्या राहिलेल्या जुन्या चाळींचा सांगाडा बहुतेक लाकडी होता. खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या आणि फळ्यांवर माती किंवा चुन्याचा थर देऊन बसवलेली जमीन, अशी ही रचना असे. देशावरील वाड्यांत कड्या आणि फळ्यांच्या अशाच जमिनीला कडीपाट म्हणत. अशी जमीन आवाज अडवत नाही, पण ती आवाजाची ओळखही पुसत नाही, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने हा तिचा मोठा गुण ठरतो. पाय जिथे पडेल तिथलीच फळी कुरकुरते, त्यामुळे खालच्या माणसाला वरचा माणूस खिडकीकडून मोरीकडे चालला आहे हे छताकडे न पाहताही कळते. फळ्यांच्या फटींतून बोलणे, खोकणे, तान्ह्या मुलाचे रडणे हे सगळे त्याच्या मूळ स्वरासह खाली उतरते, आणि आवाज कोणाचा हे त्या स्वरावरूनच ठरते. कुरकुर, खडखड, ठकठक, धपधप असे आवाजांचे बारीक भेद दाखवणारे अनुकरणवाचक शब्द मराठीत विपुल आहेत, आणि लाकडी घरात त्यांतला प्रत्येक शब्द कुठल्या ना कुठल्या ठरावीक वस्तूकडे बोट दाखवत असे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे चाळीची गॅलरी. खोल्यांच्या ओळीसमोरून जाणारा हा सामाईक व्हरांडा केवळ ये-जा करण्याची वाट नव्हता. दिवसभर उघड्या राहणाऱ्या दारांमुळे तो शेजाराचा डोळाही होता. कुठल्या बिऱ्हाडात खलबत्त्यात काय कुटले जात आहे, कोणाकडे पाटा-वरवंट्यावर वाटण चालू आहे, कोणाच्या घरी पाहुणे उतरले आहेत आणि कोणाचा मुलगा आजारी असल्यामुळे रात्री दिवा जळतो आहे, हे सर्वांना आधीच ठाऊक असे, आणि आवाज कानावर पडण्यापूर्वीच त्याचे कारण माहीत झालेले असे. एखादा अनोळखी आवाज आलाच, तर दारातून दोन पावले बाहेर टाकून पाहणे एवढाच त्याचा तपास होता. चाळीतल्या आवाजाला साक्षीदार असत, आणि एकाच वेळी तो आवाज ऐकणाऱ्या व पाहणाऱ्या दहा-बारा माणसांमध्ये चुकीचा आरोप फार काळ टिकत नसे.

या चित्राला गतकाळाच्या गोडव्याचा रंग देणे मात्र अन्यायाचे होईल. एका खोलीत आठ-दहा माणसे, मजल्यावर एकच नळ आणि तोही ठरावीक वेळी वाहणारा, गिरणीच्या पाळ्यांमुळे कोणाची रात्र तर कोणाचा दिवस झोपेचा, अशा स्थितीत शांतता ही चाळीतल्या माणसाला मिळतच नव्हती. परळच्या डबक चाळीतील एका खोलीत राहत असताना विद्यार्थिदशेतील भीमराव आंबेडकरांना त्यांचे वडील रात्री दोनच्या सुमारास अभ्यासासाठी उठवत, ही त्यांच्या चरित्रात नोंदलेली गोष्ट चाळीतल्या आवाजाचा इतिहास पुरेसा सांगते. माणसांनी भरलेल्या घरात पुस्तकाला वाव मिळणारा तेवढाच काळ उरलेला होता. भांडणेही होत आणि ती कडाक्याची होत, पण ती पाण्याच्या हंड्यावरून, मोरीच्या सांडपाण्यावरून, गॅलरीत पसरलेल्या वाळवणावरून होत, आणि भांडणारी दोन्ही माणसे कशाबद्दल भांडत आहेत याविषयी त्यांच्यात मतभेद नसे. विटाळाच्या कल्पनेने आणि जातीच्या उतरंडीने कोणाला कुठल्या चाळीत खोली मिळणार हे ठरत असल्यामुळे, शेजाऱ्याविषयीचा संशय बहुधा इमारतीच्या दाराबाहेरच आपले काम उरकून घेत असे. पुढच्या काळात हाच संशय इमारतीच्या आत शिरून आवाजाला पत्ते देऊ लागला.

१८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने, म्हणजे शहरसुधारणेसाठी नेमलेल्या सरकारी विश्वस्त मंडळाने, हवा आणि उजेड यांचा विचार करून नव्या चाळी बांधल्या. त्यापाठोपाठ गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे खाते सुरू झाले आणि त्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे कामगारांसाठी एकूण २०७ इमारती उभ्या केल्या, ज्यांतील १२१ एकट्या वरळीत होत्या. बीडीडी चाळी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तीन मजली इमारतींत प्रत्येकी ८० खोल्या, आणि एकेक खोली साधारण १६० चौरस फुटांची. शेजाराच्या इतिहासात त्यांचे स्थान दोन कारणांनी वेगळे आहे. एक तर मुंबईत एवढ्या मोठ्या संख्येने घरे प्रथमच सिमेंट काँक्रीटमध्ये बांधली गेली. आणि दुसरे असे, की येथे बाहेरची गॅलरी जाऊन इमारतीच्या पोटातून जाणारा, दोन्ही बाजूंना खोल्या असलेला अंधारा मधला बोळ आला. ही दोन्ही लक्षणे पुढे मध्यमवर्गाच्या घरांत अधिक ठळकपणे उतरली, पण त्यांचा पहिला अनुभव गिरणी कामगाराने, हमालाने आणि पोलीस शिपायाने घेतलेला होता.

मध्यमवर्गाची वाट सहकाराच्या मार्गाने गेली. १९१२ च्या सहकार कायद्याने पतपेढ्यांखेरीज इतर कामांसाठीही सहकारी संस्था स्थापन करण्यास मोकळीक दिली, आणि १९१५ मध्ये रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवी येथे सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी नोंदवली गेली. भारतातील सहकारी गृहनिर्माणाचा आरंभ तिच्यापासून मानला जातो. इमारत संस्थेची आणि रहिवासी संस्थेचे सभासद, या व्यवस्थेने घरमालक नावाचा तिसरा माणूस शेजाऱ्यांच्या मधून काढून टाकला, आणि त्याबरोबर शेजाऱ्याविरुद्धची तक्रार ऐकणारा माणूसही शेजारीच झाला. पुढच्या दोन-तीन दशकांत दादर, माटुंगा, शिवाजी पार्क आणि बॅकबेच्या भरावावर काँक्रीटच्या सांगाड्याच्या इमारती झपाट्याने उठल्या. त्यांतील घराला मराठीत 'ब्लॉक' हा शब्द रुळला. नळ, मोरी, संडास आणि स्वयंपाकघर हे सारे एका बंद दाराच्या आत असलेले घर असा त्याचा अर्थ, आणि एका पिढीच्या दृष्टीने तो प्रतिष्ठेचा शब्द होता.

बंद दारामुळे काय बदलले हे भाषेत स्पष्ट उमटले आहे. चाळीत शेजारी आडनावाने, खोलीच्या क्रमांकाने किंवा नात्याच्या संबोधनाने ओळखला जात असे. 'सात नंबरच्या काकू' किंवा 'कोपऱ्यावरचे जोशी' अशी ती ओळख होती. ब्लॉकमध्ये आणि पुढे १९६३ च्या मालकी सदनिका कायद्यानंतर सर्रास झालेल्या 'ओनरशिप'च्या घरांमध्ये शेजारी 'वरचे', 'खालचे' आणि 'बाजूचे' झाले. माणसाचे नाव जाऊन त्या जागी दिशा आली, हा बदल वरवर पाहता किरकोळ वाटतो, पण आवाजाच्या तक्रारीचे सारे व्याकरण त्यातून घडलेले आहे, कारण 'वरून आवाज येतो' या वाक्यातून 'वरचे आवाज करतात' या वाक्यापर्यंत जाण्यास एका प्रत्ययाचेच अंतर उरते. 'काल रात्री काय चाललं होतं तुमच्याकडे?' हा जिन्यात विचारला जाणारा प्रश्न वास्तविक प्रश्न नसतोच. उत्तर आधीच ठरलेले असते आणि समोरच्याने आता फक्त ओशाळायचे बाकी असते.

कानाला दिशा कशी कळते याचा उलगडा ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये मांडला, आणि चुकीच्या तक्रारीच्या मुळाशी जाणाऱ्याला तो सोडून पुढे जाता येत नाही. आवाज डावीकडून आला तर तो डाव्या कानाला किंचित आधी पोचतो, आणि उंच पट्टीतला असेल तर डोक्याच्या आडोशामुळे उजव्या कानाला किंचित मंद ऐकू येतो. या दोन सूक्ष्म फरकांवरून मेंदू दिशा ठरवतो. बरोबर वरून किंवा बरोबर खालून येणाऱ्या आवाजात मात्र दोन्ही कानांमध्ये असा फरक पडतच नाही. उंच-सखल दिशेचे ज्ञान कानाच्या पाळीच्या वळणांमुळे आवाजात होणाऱ्या बारीक बदलांवर अवलंबून असते, आणि ते बदल केवळ उंच पट्टीच्या आवाजांत होतात. काँक्रीटचा स्लॅब, म्हणजे दोन मजल्यांमधील सलोह काँक्रीटची सपाट लादी, नेमक्या याच उंच पट्टीला अडवतो आणि खालच्या पट्टीचा दणका तेवढा पुढे जाऊ देतो. सेकंदाला १०० कंपनांच्या आवाजाची एक लहर सुमारे साडेतीन मीटर लांब असते, म्हणजे नेहमीच्या खोलीएवढीच. अशा आवाजाने खोली सगळीकडून भरून जाते आणि त्यात दिशेची खूण शिल्लक राहत नाही. निसर्गाने माणसाला दिलेले दिशेचे साधन आणि काँक्रीटने पार जाऊ दिलेला आवाज यांचा मेळच बसत नाही.

ध्वनिशास्त्रात हवेतून येणारा आणि आघातातून येणारा असे आवाजाचे दोन प्रकार केले जातात. बोलणे, गाणे, दूरदर्शन संच हे पहिल्या प्रकारात मोडतात, तर टाच, पडलेले भांडे, सरकवलेली खुर्ची, भिंतीत ठोकलेला खिळा हे दुसऱ्या प्रकारात. पहिल्या प्रकारच्या आवाजाला स्लॅब बऱ्यापैकी अडवतो. दुसऱ्या प्रकारात स्लॅबवरच प्रहार होत असल्यामुळे तोच वाद्याच्या कातड्यासारखा थरथरतो. ही थरथर काँक्रीटमधून सेकंदाला सुमारे साडेतीन हजार मीटर वेगाने, म्हणजे हवेतील आवाजाच्या दहापट वेगाने, स्लॅबमधून तुळईत, तुळईतून खांबात आणि खांबातून वरच्या-खालच्या व तिरप्या घरांच्या स्लॅबमध्ये पसरते. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते, कारण तिच्या अज्ञानातून असंख्य घरांमधली बोलचाल बंद झालेली आहे: तक्रार करणाऱ्याचा कान 'आवाज छतातून आला' असे सांगतो तेव्हा तो खोटे सांगत नसतो. छत खरोखरच थरथरलेले असते आणि खोलीतल्या हवेला त्यानेच हलवलेले असते. ते कोणी थरथरवले एवढेच कानाला कळत नाही. दोन मजले खालच्या कोपऱ्यातल्या घरातला हातोडाही खांबाच्या वाटेने येऊन त्याच छतातून बोलू शकतो. बाहेर साक्षीदार असलेला गॅलरीचा डोळा दाराच्या बाहेर राहिलेला असतो आणि आत एकट्या कानाने निवाडा केलेला असतो.

इमारतीच्या स्वतःच्या आवाजांमुळे या गोंधळात आणखी भर पडली. विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये आणि तानसाचे १८९२ मध्ये मुंबईत आले, पण बहुमजली घरांत ते तळटाकीतून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवणे आणि तिथून नळांनी प्रत्येक मजल्यावर उतरवणे भाग होते. वाहते पाणी एकाएकी अडले की नळीत दाबाची लाट उठते आणि नळी भिंतीला जिथे जिथे जखडलेली असते तिथे तिथे ठोका बसतो. 'वॉटर हॅमर', म्हणजे पाण्याचा हातोडा, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या घटनेचा गणिती उलगडा रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यावर प्रयोग करून केला. मुंबईत पाणी ठरावीक वेळीच येत असल्यामुळे पंप पहाटे चालू होतो, टाकी भरली की त्याची झडप आपटते, आणि झोपेतल्या माणसाला 'वरच्यांनी पहाटे काहीतरी आपटले' असे वाटते. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापून रात्री आकसतो तेव्हाही टकटक उमटते. वर मुले गोट्या खेळतात अशी जी तक्रार जवळजवळ प्रत्येक सोसायटीत कधी ना कधी होते, तीच तक्रार डोक्यावर फक्त कुलूपबंद गच्ची असलेल्या घरांतूनही होत आलेली आहे. तिची कारणे नळांतील दाब, काँक्रीटचे आकसणे, जुन्या शीतकपाटाचा कंप अशी अनेक संभवतात, आणि त्यांपैकी बहुतेकांचा कुठल्याही मुलाशी संबंध नसतो.

घरातली साधने बदलली तसे आघातांचे स्वरूपही बदलले. पाटा-वरवंट्याचा आणि खलबत्त्याचा आवाज ओळखू येणारा, तालबद्ध आणि ठरावीक वेळेचा होता. १९६० च्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथूर या अभियंत्याने भारतीय स्वयंपाकाची वाटणे डोळ्यांपुढे ठेवून घडवलेला 'सुमीत' मिक्सर घरोघरी पोचला आणि वाटणाचा ठोका जाऊन ओट्याच्या दगडातून भिंतीत शिरणारी घरघर आली. शहाबादी फरशीच्या जागी मोझेक आणि मोझेकच्या जागी गुळगुळीत, कठीण टाइल्स आल्या; गालिचा अंथरण्याची प्रथा उष्ण आणि दमट मुंबईत कधीच नव्हती, त्यामुळे टाच आणि काँक्रीट यांच्यामध्ये मऊ असे काहीच उरले नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस सरकत्या काचांच्या खिडक्या आणि वातानुकूलन यंत्रे आली तेव्हा रस्त्याचा कोलाहल बाहेर राहिला, आणि ज्या आवाजांना तो कोलाहल आजवर झाकत होता ते आतले आवाज प्रथमच स्पष्ट ऐकू येऊ लागले. अनेकांना त्या काळात शेजारी अधिक गोंगाटी झाल्यासारखे वाटले. वास्तवात घर अधिक शांत झाले होते.

या साऱ्याचा भार ज्या व्यवस्थेवर पडला ती म्हणजे सोसायटीची मॅनेजिंग कमिटी आणि विशेषतः तिचा सेक्रेटरी. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० चा. त्याखालील आदर्श उपविधींत, म्हणजे संस्थेच्या कारभाराच्या नमुना नियमांत, इतर रहिवाशांना उपद्रव होईल असे वर्तन सभासदाने करू नये असे सांगितले आहे. पण उपद्रव झाला हे ठरवण्याची आणि तो कोणी केला हे शोधण्याची कोणतीही रीत त्यांत नाही. सेक्रेटरी हा बिनपगारी, नोकरी सांभाळून किंवा निवृत्तीनंतर हे काम करणारा रहिवासी; त्याच्यापुढे तक्रारीचा अर्ज येतो, तो अर्ज फाइलला लागतो, आणि ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्याला पत्र जाते. आवाज ऐकण्यासाठी तक्रारदाराच्या घरात रात्री जाऊन बसणे हे काम फार थोड्या सेक्रेटऱ्यांनी केलेले असते. एकदा लेखी पत्र गेले की चुकीच्या पत्त्याला अधिकृत शिक्का बसतो, आणि पुढचा प्रत्येक आवाज, मग तो पंपाचा असो वा पलीकडच्या विंगमधल्या सुताराचा, त्याच घराच्या नावे जमा होत जातो.

आणि हे घर कोणाचे असते, हा या इतिहासातील सर्वांत अस्वस्थ करणारा भाग आहे. कानाला पत्ता कळत नाही तेव्हा तो पत्ता संशय पुरवतो, आणि संशय ज्याच्यावर आधीच असतो त्याच्याच दारात जाऊन थांबतो. अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्स करारावर, म्हणजे मालकाच्या परवानगीने ठरावीक मुदतीपुरते, राहणारे कुटुंब. एकत्र राहणारी नोकरदार मुले किंवा मुली. वेगळ्या धर्माचे, वेगळ्या जातीचे वा वेगळे अन्न खाणारे बिऱ्हाड. लहान किंवा गतिमंद मूल असलेले घर. आणि रात्रपाळीवरून पहाटे परतणारा माणूस, ही या संशयाची नेहमीची ठिकाणे आहेत. भाडेकरूला सोसायटीच्या सभेत मत नसते, त्यामुळे त्याच्याविरुद्धच्या अर्जाला उत्तर देण्याची जागाही त्याला नसते. मालकाला एक फोन गेला की कराराचे नूतनीकरण होत नाही, आणि न केलेल्या आवाजाबद्दल एका कुटुंबाला मुलांच्या शाळेसह सगळे बिऱ्हाड हलवावे लागते. चाळींच्या काळात इमारतीच्या दाराशी गाळणी लावणारा भेदभाव येथे ध्वनीच्या रूपाने आत आलेला दिसतो, आणि आवाज मोजता येत नाही तोवर त्याला उत्तर देणेही अवघड राहते.

कायद्याने या प्रश्नाकडे पाहिले ते फार दुरून. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने सार्वजनिक उपद्रव हा गुन्हा ठरवला, पण परिसरातील लोकांना सर्वसाधारणपणे होणारा त्रास अशी त्याची कल्पना होती. एका घराचा दुसऱ्या घराला होणारा त्रास हा खाजगी उपद्रव, म्हणजे दिवाणी दाव्याचा विषय राहिला, आणि त्या दाव्यांची तत्त्वे इंग्लंडच्या निवाड्यांतून आली. ज्या १८९३ साली गिरगावात केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, त्याच वर्षी लंडनमध्ये 'क्रिस्टी विरुद्ध डेव्ही' हा खटला चालला: घरी संगीताच्या शिकवण्या घेणाऱ्या बाईंच्या आवाजाला कंटाळून शेजारी सामाईक भिंतीवर ठोकत आणि ताटे बडवत असे; न्यायालयाने शिकवण्यांना नव्हे, तर सूडाने केलेल्या या बडवण्याला मनाई केली. लांब दांड्याच्या झाडूने छतावर ठोकणाऱ्या मुंबईकराच्या कृतीलाही हेच तत्त्व लागू पडते. त्याहून मोलाचा निर्णय ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९९ मध्ये साउथवर्क येथील जुन्या सरकारी घरांविषयी दिला. तिथे शेजाऱ्यांचे नेहमीचे बोलणे-चालणेही शब्दशः ऐकू येत होते, तरी घराचा नेहमीचा आणि सभ्य वापर हा उपद्रव होऊ शकत नाही, दोष भिंतींच्या बांधणीत आहे, असे न्यायाधीशांनी मानले.

भारतातील ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांचा रोख ध्वनिक्षेपक, कर्णे आणि उत्सवांच्या मंडपांकडे होता, आणि तो योग्यच होता; मुंबईत डॉ. यशवंत ओक यांनी १९८० च्या दशकापासून न्यायालयात दिलेल्या लढ्याचे त्यामागे बळ आहे. या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सहा या वेळात ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली. ही मर्यादा काही काळाच्या सरासरीवर मोजली जाते, तर टाचेचा दणका सेकंदाच्या अंशात येऊन जातो आणि सरासरीत विरघळून जातो. त्यामुळे पोलीस ठाण्यावर 'वरचे रात्री चालतात' अशी तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला नियमाचा आधार मिळत नाही, आणि ज्याच्यावर चुकीचा आळ आला त्याला निर्दोष ठरवणारे मापही त्यातून मिळत नाही.

माप अस्तित्वातच नाही असे मात्र नाही. आघाताचा आवाज मोजण्यासाठी युरोपात १९३० च्या दशकात ठोके देणारे यंत्र तयार झाले. अर्धा किलो वजनाचे पाच हातोडे चार सेंटिमीटर उंचीवरून सेकंदाला दहा वेळा जमिनीवर पडतात आणि खालच्या खोलीत त्यांचा आवाज मोजला जातो, हे त्याचे आजचे प्रमाणित रूप आहे. भारतातही इमारतींच्या ध्वनिरोधनाची मानक संहिता १९६२ मध्येच प्रसिद्ध झाली आणि राष्ट्रीय इमारत संहितेत या विषयाला स्वतंत्र विभाग आहे, परंतु त्या संहितेचे स्वरूप शिफारशीचे असल्यामुळे घर विकत घेणाऱ्याला कार्पेट क्षेत्र, पार्किंग आणि उद्वाहकांची संख्या लेखी मिळते, स्लॅबमधून किती आवाज जाईल हे मिळत नाही. दक्षिण कोरियाने, जिथे शहरी लोकसंख्येचा फार मोठा भाग उंच इमारतींत राहतो, हा प्रश्न बांधणीचा आहे हे मान्य करून स्लॅबची जाडी २१० मिलिमीटरपर्यंत नेली आणि २०१२ मध्ये मजल्यांमधील आवाजाच्या तंट्यांसाठी सरकारी केंद्र उघडले, जे आधी दोन्ही बाजू ऐकते आणि गरज पडल्यास घरात उपकरणे ठेवून आवाज मोजते. मुंबईत अशा केंद्राच्या अभावी जे काही शोधले जाते ते समजूतदार शेजाऱ्यांच्या पुढाकाराने: आवाजाची तारीख आणि वेळ आठवडाभर टिपून ठेवणे, ती पंपाच्या वेळांशी ताडून पाहणे, एकाने वर चालून दुसऱ्याने खाली ऐकणे आणि मग जागा बदलणे, संशयित घर कुलूपबंद असतानाही आवाज येतो का हे पाहणे. ज्यांनी ही खटपट केली त्यांना अनेकदा भिंतीपासून सुटलेल्या नळाचे एक कडे किंवा पंपाखाली झिजलेला रबराचा तुकडा सापडलेला आहे. गॅलरीत दोन पावले टाकून जे होत असे त्याचीच ही लांबची, कष्टाची आवृत्ती म्हणता येईल.

दरम्यान बांधणी पुढे गेलेली आहे. ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंती आणि स्लॅब एकदमच ओतण्याची पद्धत मुंबईच्या मनोऱ्यांत रूढ झाली असून, विटेच्या भिंतीचा सांधा जिथे थोडीफार थरथर गिळत असे तिथे आता इमारत पायापासून गच्चीपर्यंत एकसंध काँक्रीटची असते. बीडीडी चाळींचा पुनर्विकास याच काळात सुरू झाला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना चाळीस मजली मनोऱ्यांतील ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन-चार पिढ्या काढलेल्या, बोळातल्या प्रत्येक दाराला नावाने ओळखणाऱ्या या माणसांना स्वतःचा संडास, स्वतःचे स्वयंपाकघर आणि बंद होणारे दार मिळाले, आणि ते त्यांना शंभर वर्षे उशिरा मिळाले. जुन्या बोळात ज्यांची दारे समोरासमोर होती त्यांतील काही कुटुंबे आता एकमेकांच्या डोक्यावर राहतात, आणि त्यांच्या मधल्या स्लॅबची जाडी कोणत्याही करारनाम्यात लिहिलेली नाही.